गोराईचे रविवार

नाशिकरोड यायला थोडाच वेळ उरला होता. क्षमा थोरातने चादरीची घडी घातली, बर्थखालून बॅग ओढली, चपला पायांत सरकवल्या आणि सवयीने मोबाइल बघितला. शिक्षकांच्या ग्रुपवर रात्री कधीतरी मेसेज येऊन पडला होता. विज्ञान शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण अपरिहार्य कारणामुळे पुढे ढकलण्यात आलं होतं, पुढची तारीख यथावकाश कळवली जाणार होती. खाली कुणी हात जोडले होते, कुणी रडका चेहरा टाकला होता.

क्षमा परत बर्थवर टेकली. अकोल्याहून रात्रभर गाडीत अंग आंबवून आलेली बाई यावर काय करणार? नाशिकरोडला उतरायचं, समोरच्या फलाटावरून परतीची गाडी धरायची आणि दुपारी घरी पोचून पोळ्या लाटायला लागायचं. दुसरं काय!

गाडी थांबली. ती बॅग घेऊन दारापर्यंत गेलीसुद्धा. जानेवारीतली पहाट होती, फलाटावर थंडीने गारठलेले चहावाले ओरडत होते. मागून एक गृहस्थ घाई करत म्हणाले, "मॅडम, उतरताय ना? उतरा की."

"नाही," ती बाजूला होत म्हणाली, "मला मुंबईला जायचंय."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण शब्द तोंडातून निघून गेले होते आणि ते गृहस्थ खाली उतरूनही गेले होते. गाडीने हिसका दिला. क्षमा आपल्या जागेवर येऊन खिडकीशी बसली तेव्हा तिची छाती शाळा बुडवलेल्या पोरीसारखी धडधडत होती.

मुंबई तिचं माहेर. म्हणजे, होतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये ती वाढली, तिथूनच लग्न होऊन अकोल्याला गेली. पुढे दोनेक वर्षांत आईबाबांनी चारकोपचं घर विकलं आणि ते देवगडजवळच्या गावी राहायला गेले. आता दोघंही नव्हते. क्षमा एकुलती एक. मुंबईत जाऊन दार वाजवावं असं एकही घर तिला उरलं नव्हतं. मधल्या वर्षांत एकदोन लग्नांना ती ठाण्याला येऊन गेली, पण ती हॉलवरच्या हॉलवर. चारकोपकडे पाऊल वळलं नव्हतं. कारण लागतं ना जायला, आणि कारण नव्हतं.

टीसीने कुरकुर करत तिकीट दादरपर्यंत वाढवून दिलं. मग तिने नवऱ्याला फोन लावला. अनंत थोरात बँकेत नोकरीला होता. लग्नाआधी बोरीवलीच्या शाखेत काढलेली तीन वर्षं सोडली तर मुंबईशी त्याचं कधी जमलं नव्हतं.

"ट्रेनिंग रद्द झालं," ती म्हणाली.

"अरेरे. मग परत कोणत्या गाडीने येतेस?"

"येत नाही. मुंबईला चाललेय."

पलीकडे ब्रश तोंडातून काढल्याचा आवाज आला. "मुंबईला? कोणाकडे? तिथे आपलं कोण आहे आता?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय, अशीच."

"अशीच म्हणजे? क्षमा, तुझी तब्येत बरी आहे ना?"

तिला हसू आलं. "बरी आहे रे. भाजी फ्रिजमध्ये आहे. दिशाला सांग, संध्याकाळी फोन करते."

दिशा त्यांची मुलगी, बारावीला होती. तिचा लगेच मेसेज आला, त्यात नुसतीच उद्गारचिन्हं होती.

दादरहून ती अंधेरीला आली आणि तिथून मेट्रोत बसली. तिच्या वेळी ही मेट्रो नव्हती. उंचावरून गाडी सरकू लागली तशी क्षमा काचेला नाक लावून बसली. गोरेगाव, मालाड, सगळं तिला पाठीमागून दिसत होतं, गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, टॉवरांच्या मधून डोकावणारी एखादी जुनी कौलारू चाळ. एका वळणावर दूरवर तिवरांचा हिरवा पट्टा दिसला आणि त्याच्या पलीकडे पाण्याची चकाकती रेघ. तिच्या शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा मोबाइलमध्ये गुंग होता. त्याला हलवून "ते बघ" म्हणावंसं वाटलं तिला.

समुद्राशी तिचं नातं रविवारचं होतं.

बाबा गिरणी कामगार. लालबागच्या एका खोलीत क्षमाचा जन्म झाला. गिरण्या बंद पडल्या, संप लांबला, आणि बाबांची गिरणी काही परत चालू झालीच नाही. मग आईच्या नावाने भरलेला अर्ज सोडतीत लागला आणि त्यांना चारकोपला जागा मिळाली. जागा म्हणजे फक्त जोतं आणि एक संडास. बाकीचं घर ज्याचं त्याने बांधायचं. क्षमा तेव्हा नऊ वर्षांची होती. आईने नि बाबांनी मिळून भिंती उभ्या केल्या, वर सिमेंटचे पत्रे घातले. पुढचा ओटा आईने एकटीने केला होता. लादीच्या दुकानांबाहेर फुटक्या लाद्यांचे तुकडे टाकलेले असत, ते गोणीत भरून आणून तिने एकेक तुकडा सिमेंटमध्ये बसवला. निळे, विटकरी, पिवळे, एखादा फुलाफुलांचा. सगळ्या चौकात तसा ओटा दुसरा नव्हता.

आणि दर रविवारी बाबा तिला समुद्रावर न्यायचे. सकाळी चालत चालत गोराई खाडीच्या धक्क्यावर, तिथून बोटीने पलीकडे, मग टांग्यातून किनाऱ्यावर. बाबांनी तिला पोहायला शिकवलं ते तिथेच. पोटाखाली हात धरायचे आणि हळूच काढून घ्यायचे. मग तिला काठावर बसवून ते स्वतः आत जायचे. गळ्याइतक्या पाण्यात नुसतेच उभे राहायचे, पाठमोरे. कंटाळा आला की क्षमा ओरडायची, "बाबा, भूक लागली!" की ते लगेच वळायचे. त्यांना हाक ऐकू गेली नाही असं कधी झालं नाही. तिच्या लेखी तो खेळच होता, कधीकधी भूक नसतानाही ती ओरडायची.

हे रविवार दोनेक वर्षं चालले आणि मग एकदम थांबले. सहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. रविवारी क्षमा उठली तर बाबा निघून गेलेले. "तुला झोपू दे म्हणाले," आई म्हणाली. आई त्या दिवशी खुशीत होती, काहीतरी गुणगुणत होती, त्याचा क्षमाला जास्तच राग आला. संध्याकाळी बाबा ताडगोळे घेऊन आले. तिने तोंड लावलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, अभ्यास आहे. सुट्टीत कसला अभ्यास, हे बाबांनी विचारलं नाही. नंतर तो विषय मागे पडला. पण आपल्याला न घेता बाबा समुद्रावर गेले ही गोष्ट तिच्या मनात एका कोपऱ्यात तशीच राहिली. कुणाला सांगण्याइतकी ती मोठी नव्हती, आणि विसरण्याइतकी लहानही नव्हती.

चारकोपला ती रिक्षातून उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. रस्ता ओळखीचा होता, पण दोन्ही बाजूंनी इतका भरून आलेला की तिला एकदा चुकल्यासारखं झालं. जिथे बैठी घरं होती तिथे आता तीन-तीन मजले चढले होते, लोखंडी जिने बाहेरून वर गेले होते, खाली कुठे ब्यूटी पार्लर तर कुठे झेरॉक्स. सोसायटीची कमान मात्र होती. आत चौकही तोच. पस्तीस घरं चौकाकडे तोंड करून बसलेली, मध्ये मोकळी जागा. पूर्वी तिथे मुलं पकडापकडी खेळायची, आता स्कूटरी लावलेल्या होत्या.

तिचं घर कोपऱ्यातलं. तिथे पोचल्यावर मात्र क्षमा नुसतीच उभी राहिली. घर नव्हतंच ते. दोन मजले, काचेच्या खिडक्या, ग्रॅनाइटचं जोतं, दाराला अंकांचं कुलूप. ओट्याच्या जागी गुळगुळीत काळा दगड होता, त्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता. रडू येईल असं तिला मेट्रोत वाटलं होतं. रडूबिडू काही आलं नाही. उलट आपल्याला कुणीतरी चुकीच्या पत्त्यावर पाठवल्यासारखं वाटलं.

"कोण पाहिजे गो?"

समोरच्या घराच्या दारात एक म्हातारी उभी होती. बारकी, गाऊनवर ओढणी घेतलेली, हातात तांदळाचं ताट. क्षमाने तिला तत्क्षणी ओळखलं. मालनकाकू. आईची चौकातली पहिली मैत्रीण. दोन्ही घरांच्या भिंती एकाच उन्हाळ्यात उभ्या राहिल्या होत्या, आणि दोघींनी एकमेकींच्या विटा वाहिल्या होत्या.

"काकू, मी..."

"थांब, सांगू नको." मालनकाकू डोळे बारीक करून पायरी उतरल्या. "घाड्यांचा चेडू ना तू? इंदूची पोर क्षमा?"

"हो."

"गो बाय माझे!" ताट पायरीवर ठेवून त्यांनी क्षमाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "इतक्या वर्सांनी वाट गावली तुका? आणि अशी परक्यासारखी उभी काय? चल आत. एकटीच? जावई खंय?"

"एकटीच आलेय."

"भांडून?"

"नाही गं काकू. सहज."

"सहज," मालनकाकूंनी तो शब्द एकदा तोंडात घोळवला. "बरं केलंस. मीसुद्धा एकटीच आहे आज. हर्षद आणि मानसी तिच्या माहेरी गेलीत पेणला, उद्या संध्याकाळी येतील. राहणारेस ना? राहायचंच. विचारत नाहीये मी."

हर्षद म्हणजे मालनकाकूंचा मुलगा, क्षमाच्या वर्गातला. भाऊ, म्हणजे काकूंचे यजमान, चार वर्षांपूर्वी गेले होते. भिंतीवर त्यांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार घातला होता. बाकीच्या घराला टाइल्स आल्या होत्या, एसी आला होता, पण स्वयंपाकघरात शिरल्याबरोबर खोबरं आणि तिरफळांचा तोच जुना वास आला, आणि घर बघून न आलेलं रडू क्षमाला इथे आलं. तिने नाक पुसलं. मालनकाकूंनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि ताटात वरणभात वाढला.

"बोलतेस मात्र तिकडच्यासारखी हां," त्या म्हणाल्या. "हेल काढून. तुझ्या आईने ऐकलं असतं तर हसली असती."

जेवण झालं. दोघी दारात, उन्हाच्या कडेला, तांदूळ निवडत बसल्या. क्षमाची नजर राहून राहून समोर जात होती.

"ओटा काढला त्यांनी," ती म्हणाली.

"काढला. चांगले आहेत गो लोक, भाजीची वाटी देतात-घेतात. पण ओटा फोडायला लागले त्या दिवशी मी दार लावून घेतलं. तुझ्या आईने दोन वर्षं घातली त्या ओट्यात."

"दोन वर्षं? एवढासा तर होता."

"रविवारचंच काम करायची ना ती. दर रविवारी."

"रविवारी का?"

मालनकाकूंचा हात ताटात थांबला. त्यांनी क्षमाकडे बघितलं. "इंदूने तुला कधी सांगितलं नाही?"

"काय?"

काकूंनी ताट जवळ ओढलं. एक खडा शोधून त्यांनी चौकात फेकला. मग म्हणाल्या, "आता दोघंही नाहीत. आणि तू पण काही लहान नाहीस. तुझा बापूस तेव्हा बरा नव्हता, क्षमा."

"आजारी होते?"

"अंगाने धडधाकट. पण मनाने पार खचलेला. गिरणी गेली, त्याच्या खात्यातल्या एका मित्राने लालबागला जीव दिला. तेव्हापासून तो बोलायचाच नाही. आठवडाभर नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करायचा, पण रविवार आला की उठायचा आणि कुणाला न सांगता खाडीकडे चालू लागायचा. एकदा इंदू मागोमाग गेली. तर हा धक्क्याच्या अगदी टोकाला बसलेला, पाण्याकडे बघत. दुपार टळली तरी तसाच. ती घाबरली. नळावर माझ्या गळ्यात पडून रडली बिचारी. म्हणाली, मालन, हा एक दिवस परत येणार नाही."

क्षमा ऐकत होती. चौकात कुणीतरी स्कूटर चालू केली, ती बाहेर जाईपर्यंत काकू थांबल्या.

"मीच तिला म्हटलं, पोरीला धाड त्याच्याबरोबर. पोर हाताशी असली की माणसाला परत यावंच लागतं. तिला आधी पटेना. मग धाडलं. तुला घेऊन तो गेला की इंदू त्या ओट्यावर बसायची, ती तुम्ही येईपर्यंत उठायची नाही. हात रिकामे राहिले तर वेड लागेल म्हणून लादीचे तुकडे बसवत बसायची. मी इथे बसलेली, ती तिथे. तुम्ही दोघं कमानीतून आत येताना दिसलात की मग उठून चूल पेटवायची."

क्षमाच्या डोळ्यांसमोर पाठमोरे बाबा आले, गळ्याइतक्या पाण्यातले. आणि काठावरून ओरडणारी आपण.  पाठोपाठ, तिची तिला कल्पना नव्हती इतका राग आला.

"आणि मला काही झालं असतं म्हणजे? नऊ वर्षांची होते मी, काकू! पाण्यात!"

"म्हणून तर तुला धाडली," मालनकाकू शांतपणे म्हणाल्या. "स्वतःचं त्याला काही वाटत नव्हतं. पण तुला काही होऊ देणारा माणूस नव्हता तो. हे इंदूला ठाऊक होतं, मलाही."

 क्षमा तांदूळ उगाच इकडून तिकडे सरकवत राहिली. राग हळूहळू ओसरला आणि खालून तो जुना कोपरा वर आला.

"मग एका रविवारी मला न घेता गेले ते?"

"तुला आठवतं ते?" काकूंचा चेहरा उजळला. "अगो, तो दिवस मी विसरायची नाही. आदल्या दिवशी त्याला इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कंगव्यांच्या कारखान्यात कायमचं काम लागलं होतं. सकाळी उठला, तुझ्या अंगावर चादर घातली आणि इंदूला म्हणाला, पोरीला झोपू दे, मी जरा पोहून येतो. इंदू धावत माझ्याकडे. मालन, काय करू, एकटा चाललाय! मी म्हटलं, काय म्हणाला नीट सांग. ती म्हणाली, पोहून येतो म्हणाला. म्हटलं, मग जाऊ दे. आजवर नुसता उठून जायचा, आज पहिल्यांदा तोंडाने 'येतो' म्हणालाय. येईल तो."

"आणि ताडगोळे घेऊन आले," क्षमा म्हणाली.

"चौकात सगळ्यांना वाटले. तू मात्र तोंड फुगवून बसली होतीस."

क्षमा हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला. या वेळी मालनकाकूंनी बघून न बघितल्यासारखं केलं नाही. ताट बाजूला सारून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतून हात फिरवत बसल्या. केसांत पांढरे खूप झालेत, असंही बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमा समुद्रावर जायला निघाली.

"हर्षद येऊ दे, त्याच्याबरोबर जा," काकूंनी एकदा सांगून बघितलं. "आता पूर्वीसारखं नाही राहिलेलं."

"नको काकू. मी एकटीच जाते."

"जाते काय? येते म्हण."

"येते," क्षमा म्हणाली.

धक्क्यावर बोट लागलेलीच होती. माणसांबरोबर चार मोटरसायकलीही चढल्या. गोराई गावाकडे परतणाऱ्या दोन बायका मासळीच्या रिकाम्या पाट्यांवर पाय ठेवून गप्पा मारत होत्या. पलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट उन्हात झळकत होता, तो तिच्या वेळी नव्हता. खाडीच्या चिखलाचा वास मात्र होता तसाच, ओला आणि खारट. बोट धक्क्यापासून सुटताना क्षमाने मागे वळून टोकाच्या पायऱ्या बघून घेतल्या. तिथे कॉलेजातली एक जोडी बसून सेल्फी काढत होती.

टांगे गेले होते. शेअर रिक्षाने ती किनाऱ्यावर पोचली. आडवार असल्यामुळे गर्दी नव्हती. वाळूत कचरा पुष्कळ होता, हॉटेलांचे बोर्ड होते, पण त्यांच्या पुढ्यात समुद्र होता, आणि त्यात काही सुधारणा झालेली नव्हती. क्षमाने बॅग एका टपरीवाल्या बाईकडे ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि ती पाण्यात शिरली.

पाणी गार होतं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. छातीला पाणी लागल्यावर ती थांबली आणि समोर बघत उभी राहिली. इथे उभं राहून बाबा काय बघत असतील? समोर काहीच नव्हतं. पाणी, त्यावर आभाळ, दूर एक मचवा. नऊ वर्षांच्या मुलीला न दिसलेलं सत्तेचाळिसाव्या वर्षी दिसेल अशी तिची समजूत होती. तसं काही दिसलं नाही. मात्र एक गोष्ट तिला पाण्यात उभ्या उभ्या कळली. इथून किनारा दिसत नव्हता, कारण तो पाठीमागे होता. पाठीमागे कुणीतरी आहे हे ठाऊक असल्याशिवाय इथे उभं राहणं फार अवघड होतं. बाबा किती रविवार असे उभे राहिले, आणि दर रविवारी वळले. हाक ती मारायची, हे खरं. पण वळायचे ते.

एक लाट आली आणि तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. ठसका लागला, डोळे चुरचुरले. तिने हातपाय मारले. लग्नानंतरची चोवीस वर्षं पोहली नव्हती, दम लागला, चार हात मारून पाय टेकवावे लागले. मग पुन्हा मारले. मग ती पाठीवर पडली आणि तरंगत राहिली. कानांत पाणी भरलं, जगाचा आवाज बंद झाला. अकोल्यात कुणाला सांगून पटलं नसतं की थोरात मॅडम आत्ता अशा आहेत.

बाहेर आली तर टपरीवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"ओहोटी लागलीय दिसत नाय? एवढं आत कशाला जायाचं? कोन हाय बरोबर?"

"कोणी नाही."

"नवरा?"

"अकोल्याला."

"पोरं?"

"ती पण अकोल्याला."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग ठीक हाय," ती म्हणाली. काय ठीक होतं देव जाणे. तिने क्षमाला आपला टॉवेल दिला, आलं घातलेला चहा दिला आणि ऑम्लेट-पाव पुढे ठेवला. क्षमाने एक संपवून दुसरा मागितला.

वाळूत बसून तिने अनंतला फोन केला आणि सगळं सांगितलं. एरवी मधेमधे बोलणाऱ्या अनंतने सगळं ऐकून घेतलं.

"अगं, पण तुझे बाबा किती हसायचे," तो शेवटी म्हणाला. "मी तुमच्याकडे यायचो तेव्हा तर माझ्या टाइपरायटरसारख्या टकटक चालीची नक्कल करून दाखवायचे."

"हो. मला तेच बाबा आठवत होते."

"मग तेच खरे धर," अनंत म्हणाला. "म्हणजे, तेही खरे धर. मला नीट बोलता येत नाहीये."

"कळलं रे मला."

"तू कधी निघतेस?"

"उद्या रात्रीच्या गाडीने. नाहीतर परवा."

"परवा? ट्रेनिंग तीनच दिवसांचं होतं ना?"

"होतं. पण ते रद्द झालंय," क्षमा म्हणाली, आणि दोघंही हसले.

संध्याकाळी ती परतली तेव्हा केस अजून ओले होते. मालनकाकूंनी कोळणीकडून तिसऱ्या घेऊन ठेवल्या होत्या. शिंपल्यांची ती टोपली आणि विळी क्षमापुढे सरकवून त्या वाटण करायला आत गेल्या. पुष्कळ वर्षांत क्षमाने तिसऱ्या काढल्या नव्हत्या. पहिले काही शिंपले फुटले, मग हाताला लय सापडली. आतून काकूंचं चालूच होतं. आईने एकदा पाण्यावरून सेक्रेटरीला कसा झाडला, गणपतीत बाबांनी पखवाज कसा फोडला, भाऊंच्या मिशीचा किस्सा. एकेका गोष्टीला क्षमा आतल्या दिशेने ओरडून दाद देत होती.

तेवढ्यात चौकात एक टक्कल पडलेला जाडसर माणूस दोन पिशव्या सांभाळत आला. त्याच्या मागून त्याची बायको येत होती. आपल्या दारात विस्कटलेल्या केसांची अनोळखी बाई विळी घेऊन बसलेली पाहून तो दचकला.

"किससे मिलना है?"

क्षमाने मान वर केली. "हर्षद, टकल्या, माझी कंपासपेटी दे आधी. सातवीपासून तुझ्याकडे आहे."

पिशव्या जमिनीवर आल्या. हर्षद वाकून, मान तिरकी करून तिच्याकडे बघत राहिला. "क्षमी? वाट लागली यार! तू कधी उगवलीस? आणि कंपासपेटी मी नाही, वर्गातल्या त्या नित्याने घेतली होती! मानसी, हीच ती. मी तुला सांगितलं नव्हतं का, झाडावरून मला ढकललेलं ते?"

"ढकललं नव्हतं, तू स्वतः पडलास!"

"अगं, दात गेला माझा!"

मानसी हसत तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि टोपलीतला एक शिंपला उचलून म्हणाली, "ताई, मला दाखवा ना कसं काढतात. आईंनी कधी हातात विळी दिली नाही."

"भांडण जेवल्यावर करा," आतून मालनकाकूंचा आवाज आला. "माझं वाटण झालं, तिसऱ्या खंय आहेत?"